लातूरच्या अंगणातली नाव

विमल,

तुला जाऊन दीड महिना झाला, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? त्यांच्या अंगणात कुणी बारा फुटांची नाव पालथी टाकून गेलेलं नाही. लातुरात, जिथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं तू नवऱ्यासाठी मागं काय ठेवलंस, तर नाव. आणि तीसुद्धा अर्धवट.

भेटायला लई लोक आले. तुझ्या पाटबंधारे खात्यातले तर जीप भरून आले. ओसरीत सतरंजीवर मांड्या घालून बसले. एक जण म्हणाला, "मॅडम फार शांत होत्या, काका. कधी आवाज चढला नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. आपल्या पोरीनं, अर्चनानं, मला डोळ्यानं दटावलं, म्हणून मी गप्प बसलो. शांत! मग पन्नास वर्षं माझ्याशी भांडली ती कोण होती? पण तुझं भांडणच तसलं. मी ओरडायचो आणि तू कानावरची पेन्सिल काढायचीस. ओल्या गिलाव्यावर, पोरीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर, मिळेल तिथं आकडे मांडायचीस आणि म्हणायचीस, "मिस्त्री, बघा." मी बघायचो नाही. आकडे मला वाचता येतात. तुझ्यासमोर वाचायचे नव्हते.

जाताना ते सगळे नावेपाशी थांबले. एकानं तिच्या पाठीवर टिचकी वाजवून बघितली आणि म्हणाला, "मॅडमचं एवढं राहूनच गेलं." त्याला काय माहीत कुणाचं काय राहिलं ते!

तुला तुझ्या बापानं बिघडवलं. हे मी सासऱ्याच्या तोंडावर बोललेलो आहे, मागं बोलायची मला सवय नाही. नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीवर पाणी मोजायचं सरकारी ठाणं होतं, तिथं ते खलाशी. नदीत उभी केलेली पट्टी वाचायची, खात्याच्या नावेतून मधोमध जायचं, पाण्याचा वेग मोजायचा आणि वहीत लिहायचं, एवढी नोकरी. ती नाव रिकामी दिसली की तू तिच्यात. दहा-अकरा वर्षांची पोरगी वल्ही मारून पलीकडं जायची, हात लावून परत यायची. काम म्हणून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. हौस!

आम्ही तुला बघायला आलो तेव्हाही तू घरात नव्हतीस. माझे मामा पाटावर बसून विचारतात, "मुलगी कुठं हाय?" तुझा बाप आरामात म्हणतो, "येती की. जरा पलीकडं गेलीया." मामांना वाटलं, पलीकडच्या आळीत गेली असेल. अर्ध्या तासानं तू नदीकडून आलीस, लुगड्याचा काठ ओला, तळहाताला घट्टे. मामा उठून निघालेच होते. पण माझ्या आईनं तुझे हात हातात घेऊन बघितले आणि बोटं फिरवून म्हणाली, "पोरगी कामाची दिसती." तिला वाटलं, जात्यावर पडलेले घट्टे आहेत. तेवढ्यावर लग्न ठरलं. माझी आई सगळ्या जन्मात एकदाच चुकली, आणि ती चूक मी पन्नास वर्षं सांभाळली.

लग्न झालं तेव्हा मी चौथी पास आणि तू दहावी नापास. म्हणजे दोघांत पास असा मीच होतो. हे मी तुला पुढंही ऐकवत राहिलो, तू सरकारी जीपमधून उतरायला लागलीस तरी. तू दहावीचा फॉर्म पुन्हा भरलास. मग डिप्लोमाला नाव घातलंस. माझे भाऊ म्हणाले, गवंड्याची बायको इंजिनेर होऊन काय आमच्या थापीला माप लावणार का? मी त्यांना शिव्या दिल्या आणि तुला सायकलवर मागं बसवून सोडायला लागलो. वर्गात बाईमाणूस तू एकटी. फाटकात सगळी पोरं बघायची आणि मी जोरात घंटी वाजवायचो, उगीचच.

आणि तू काय केलंस? वर्ष पुरं व्हायच्या आत माझ्या थापीला माप लावलंस. औसा रोडला मी एका घराचं जोतं उचललं होतं. तू कॉलेजातून तीन पायांवर उभं राहायचं ते दुर्बिणीचं यंत्र आणलेलं होतंस, सरावाला म्हणून. तू डोळा लावलास आणि म्हणालीस, "मिस्त्री, त्या कोपऱ्याला अर्धा इंच खाली हाय." तीस फुटांच्या जोत्यात अर्धा इंच! सगळ्या बिगाऱ्यांसमोर! मी म्हणलं, "तुझं यंत्र वाकडं हाय." दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

आता तू नाहीस तर सांगून टाकतो. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी साइटवर जाऊन मी नळीत पाणी भरून पातळी धरली. अर्धा इंचच होतं. कोपऱ्यात गुपचूप मसाला चढवून बराबर केलं. तू परत यंत्र लावलं नाहीस, म्हणून मला वाटलं तुला कळलं नाही. आता वाटतं, म्हणूनच लावलं नाहीस.

खात्यात लागल्यावर बदल्या झाल्या त्या सगळ्या तू पाण्याकडंच मागून घेतल्यास. लोक लातूर मागायचे, तू किनवट मागायचीस. मुदखेड झालं, इस्लापूर झालं. मी बांधकाम सोडून तुझ्यामागं येणार नव्हतो, म्हणून आपला संसार अर्धा रेल्वेत झाला. अर्चना माझ्यापाशी आणि तू नदीपाशी. सुट्टीला मी भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन यायचो, तर क्वार्टरला कुलूप. शेजारची बाई सांगायची, "मॅडम नाव घेऊन गेल्या." रविवारी पण! आठवडाभर ज्या पाण्याचे आकडे मांडायचे, सुट्टीला त्याच पाण्यात जाऊन हात दुखवून घ्यायचे. मी विचारायचो, "काय मिळतं तुला तिथं?" तू म्हणायचीस, "चला की एकदा. बसा. कळंल."

बसा, बसा. पन्नास वर्षांत हा एक शब्द तू मला किती वेळा म्हणालीस! मी कधी म्हणलं फुरसत नाही. कधी कंबर धरली. कधी ऊन लई. एकदा तर म्हणलं, आज अमावस्या आहे. तू हसून एकटी जायचीस आणि मी काठावरच्या बाभळीखाली नदीकडं पाठ करून बसायचो. तू परत आलीस की वल्ही दगडाला टेकवल्याचा आवाज यायचा, तेव्हा वळायचो.

खरं सांगतो. मी भीत होतो.

लग्नाच्या आधी औशाकडं एका विहिरीचं बांधकाम चाललं होतं. मी आत फळीवर उभा राहून दगड बसवत होतो. वरचा दोर सुटला. खाली दोन पुरुष खोल पाणी. माझ्या जोडीदारानं डोक्याचे केस धरून मला वर काढलं. त्या दिवसापासून बादलीत वाकून तोंड धुताना पण मी डोळे उघडे ठेवतो. हे मी आईला सांगितलं नाही, भावांना नाही, तुला नाही. ज्याची बायको नदी ओलांडून बघायच्या कार्यक्रमाला येते, त्यानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

इस्लापूरला असताना पैनगंगेला लोंढा आला होता तो दिवस तुला आठवत असेल. मी डबा घेऊन पोहोचलो, तर खलाशी काठावर हात चोळत उभा आणि तू मधोमध. तो म्हणाला, "मी नको म्हणलो होतो, काका. मॅडम म्हणल्या, मोजणी चुकली तर खालच्या गावाला काय सांगायचं?" त्या दिवशी मी पाठ करून बसलो नाही. उभा राहिलो आणि सगळं बघितलं. एवढीशी नाव आणि एवढं तांबडं पाणी. तू आलीस, चिंब भिजलेली, आणि माझ्याकडं न बघता खलाशाला आकडा सांगितलास, तो लिहून घेतलाय का ते बघितलंस, आणि मग मला म्हणालीस, "कधी आलात?"

कधी आलात! मी तिथंच, तुझ्या सगळ्या माणसांसमोर, वाटेल ते बोललो. उद्याच्या उद्या राजीनामा दे म्हणलं. पोरीची आई आहेस का कोण आहेस म्हणलं. तू ऐकून घेतलंस आणि घरी आल्यावर मला वाढलंस, काही न बोलता. चार दिवस तसंच. पाचव्या दिवशी मी लातूरला निघालो तेव्हा तू म्हणालीस, "माणसांसमोर बोलायला नको होतं." मी म्हणलं, "माणसांसमोर बुडायला जायला नको होतं." तो विषय तिथंच राहिला. तू बरोबर होतीस का मी, ते अजून ठरलेलं नाही. तुझ्या आकड्यावरून खालच्या गावातली माणसं वेळेवर घरं सोडून निघाली, हे मला नंतर तुझ्या खलाशानं सांगितलं. तू सांगितलं नाहीस. हेच मला सहन व्हायचं नाही. जिंकायचं आणि वर सांगायचं पण नाही.

सांगायचा तो फक्त एकच किस्सा तू सांगायचीस. खात्याच्या खेळांच्या वेळी तलावात नावांची शर्यत ठेवली होती. सगळे पुरुष, तू एक. तू पहिली आलीस आणि साहेबांची पंचाईत झाली, कारण बक्षीस म्हणून शर्टाचं कापड आणलेलं होतं. ते कापड तू आणून माझ्या पुढ्यात टाकलंस. "घ्या मिस्त्री, तुमच्यासाठी जिंकले." मी त्याचा शर्ट शिवून घेतला आणि कॉलर फाटेस्तोवर घातला. लोकांनी विचारलं की सांगायचो, बायकोनं दिला. कसा दिला ते सांगत नव्हतो.

रिटायर झालीस तेव्हा तू म्हणालीस, नांदेडला राहू, नदीजवळ. मी म्हणलं लातूर. माझ्या हातानं बांधलेलं घर आहे, माझी माणसं आहेत. मला वाटलं, तू भांडशील, पेन्सिल काढशील. तू म्हणालीस, "बरं." मी त्या 'बरं'ला फसलो. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात तू टेम्पोतून सागवानाच्या फळ्या उतरवून घेतल्यास. गल्लीतली माणसं घागरी घेऊन रांगेत उभी आणि मिस्त्र्याची बायको अंगणात नाव बांधून राहिलेली. समोरचा बाबूराव रोज विचारायचा, "मिस्त्री, टँकरमध्ये सोडणार काय?" मी लाजेनं मागच्या दारानं जायला लागलो. तू मात्र त्याला म्हणायचीस, "बाबूराव, पहिल्या फेरीला तुम्हीच. फक्त कपडे काढून ठेवा." त्यानं मग विचारणं सोडलं.

नऊ वर्षं! मी नऊ वर्षांत शंभर घरं उठवली असती. तू फळी बसवायचीस, बघायचीस आणि काढायचीस. मध्येच गुडघे धरले, मध्येच अर्चनाचं बाळंतपण आलं. मी सांगायचो, फटी राहिल्यात त्या सिमेंटानं भरून टाक, एका दिवसाचं काम. तू म्हणायचीस, "लाकूड हलतं, मिस्त्री. त्याला हलायला जागा लागती." मी म्हणायचो, हलतं ते बांधकामच कसलं? माझी भिंत भूकंपात हलली नाही. तू म्हणायचीस, "हलली. तुमच्या तुळईनं झोल घेतला म्हणून उभी राहिली." आणि पेन्सिल शोधायला लागायचीस.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि नाव तशीच राहिली.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुझा आवाज लई बारीक झाला होता. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, पोरीचं काही सांगशील. तू म्हणालीस, "मिस्त्री, नाव झाली की एकदा बसाल ना?" मी म्हणलं, "बसतो की. होऊ दे तर खरं." लगेच म्हणलं. एवढ्या लगेच मी तुला कधीच कशाला हो म्हणलेलं नाही. कारण मला माहीत होतं, ती आता कधी पुरी होणार नाही. मरणाऱ्या माणसासमोर मी हिशोबी खोटं बोललो, विमल. तू हात दाबलास आणि डोळे मिटलेस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

तेरावा झाला, माणसं गेली, आणि मी सकाळी दार उघडलं तर ती समोर. बसतो म्हणालेला मी आणि अर्धवट पडलेली ती, दोघंच घरात. भिंत असती तर पाडली असती. ही पाडताही येईना. तूच सांग, माणसानं काय करावं? मला जे येतं ते मी केलं. एकास तीन मसाला कालवला, त्यात गळती थांबवायचं औषध टाकलं आणि तुझ्या नावेचे सगळे सांधे आतून-बाहेरून सिमेंटानं भरून काढले. गिलाव्याच्या रंध्यानं घासून असं गुळगुळीत केलं की बोट फिरवावं. आणि मग सात दिवस पाणी मारलं. आठवड्याला येणारं पाणी, त्यातली माझी आंघोळ बंद केली आणि ते पाणी नावेला घातलं. ओली पोती पांघरली. बाबूराव फाटकात येऊन उभा राहिला. या वेळी हसला नाही. हळूच म्हणाला, "मिस्त्री, नावेला पाणी मारून राहिलेत का?" मी म्हणलं, "मारल्याशिवाय पक्की कशी व्हईल?" तो घरी गेला आणि स्वतःच्या हौदातलं कळशीभर पाणी आणून ठेवलं.

नाव पुरी झाली, आता नदीत बसणार, असं अर्चनाला फोनवर सांगितलं तर ती नांदेडहून दुसऱ्या दिवशी, शिकवते ती शाळा बुडवून, आली. "आप्पा, तुम्हाला पोहता येत न्हाई. वय काय तुमचं?"

"तुझ्या आईला शब्द दिलाय."

"आई आता बघायला हाय का?"

"म्हणून तर पाळायचा. बघायला असती तर काहीतरी सबब सांगितली असती."

पोर रडली. मग तिनंच तुझ्या फोनमधून किसनचा नंबर काढला. तुझ्या बापाच्या हाताखाली वाढलेला किसन भोई, लहानपणी तुझ्याबरोबर नावेत असायचा तो. मी त्याला लग्नात बघितला असेन तेवढाच. तो म्हणाला, "घेऊन या नांदेडला, नदीवर."

फाटकातून नाव निघताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा राहिली. म्हणजे तू फाटक मोजून नाव बांधली होतीस, आणि मला नऊ वर्षं घोर, की हिच्यापायी माझी भिंत फोडावी लागणार. हेही सांगितलं नाहीस. टेम्पो निघाला. अहमदपूरपर्यंत मी मागंच बसलो होतो, नावेवर हात ठेवून. पहिली खपली तिथं पडली. मग रस्ता जसा हादरवील तशा पडत गेल्या. लोहा येईपर्यंत माझा बहुतेक मसाला टेम्पोच्या तळाला चुरा होऊन पडला होता, आणि तुझ्या फळ्या जशाच्या तशा, नुसत्या जरा हलत होत्या. मी शिव्या घातल्या. कुणाला ते विचारू नकोस. हे मात्र लिहून देतो: लाकूड हलतं. त्याला जागा लागते. झालं समाधान?

किसननं नावेभोवती एक चक्कर मारली, उरलेल्या सिमेंटावर नख मारलं आणि माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, ह्ये नाव हाय का पाण्याची टाकी?"

"तिचं अर्धवट होतं. मी पुरं केलं."

"अक्का असती तर लई हसली असती."

"हसली नसती. पेन्सिल काढली असती."

आठ दिवस मी अर्चनाकडं राहिलो आणि रोज नदीवर गेलो. छिन्नी घेऊन माझंच सिमेंट मी काढलं. किसननं कापसाची लांब वात वळून फटीत ठोकून बसवली आणि वरून गरम डांबर ओतलं. काम करता करता त्यानं मागच्या फळीकडं बोट दाखवलं. एक बसायची जागा, तिला पाठ टेकायला फळी आणि दोन्ही अंगाला लोखंडी कड्या. एवढी एकच जागा नावेत अगदी पुरी झालेली, पॉलिशसुद्धा केलेलं. मला वाटायचं, तुझ्या कंबरेसाठी केलीस.

किसन म्हणाला, "भोयाच्या नावेत कुणी असल्या कड्या लावत न्हाई. अक्कानं फोन केलता मला. पाण्याला भ्यालेला माणूस बसवायचा तर धरायला कुठं द्यावं म्हणून. मी म्हणलं, कोण हाय भ्यालेला? तर नुसती हसली."

मी छिन्नी खाली ठेवली. पन्नास वर्षं, विमल. कंबर, ऊन, अमावस्या, सगळं ऐकून घेत होतीस. एकदा तरी म्हणायचं होतंस की तुम्ही भिता. मी चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, आणि मग बोललो असतो. तुझी ही गप्प राहायची खोड मला आयुष्यभर नडली.

काल सकाळी नाव पाण्यात लोटली. अर्चनानं ट्रकची हवा भरलेली ट्यूब माझ्या काखेत अडकवली आणि वरून दोरी बांधली, जसा काही मी बैल आहे. मी तू केलेल्या त्या जागेवर बसलो. कड्या धरल्या. त्या बरोबर माझ्या हाताच्या उंचीला आल्या. नाव हलली तशी विहीर आठवली आणि मी डोळे मिटले.

भोई लोक नाव चालवतात ती उभ्यानं, बांबूनं ढकलून, पुढं बघत. मी तेवढंच बघितलेलं. पण किसन म्हणाला, "अक्काची नाव दोन वल्ह्यांची हाय, सरकारी नावेसारखी. ती अक्कासारखीच चालवाय लागंल." तो मधल्या फळीवर बसला आणि वल्ही उचलली. मी डोळे उघडले तर त्याचं तोंड माझ्याकडं. पाठ पुढच्या पाण्याकडं. आमचे गुडघे हातभर अंतरावर.

मी म्हणलं, "असा उलटा कामून बसलास?"

"वल्हं असंच मारत्यात. पुढचं मला दिसत न्हाई. तुम्ही बघा आन सांगा."

"अन् एकटं असलं तर?"

"मान मोडून मागं बघाय लागतंय सारखं. अक्काची मान दुखायची ती त्याच्यानंच."

तुझ्या मानेला मी तेल चोळलेलं आहे. तू म्हणायचीस, फायली बघून दुखते.

पुढं एक वठलेलं झाड पाण्यातून वर आलेलं दिसलं. मी ओरडलो, "डावीकडं घे!" तो म्हणाला, "कुणाच्या डावीकडं? माझ्या का तुमच्या?" मी हात सोडून बोट दाखवलं, इकडं. नाव वळली. झाड बाजूनं गेलं. हात सोडलेला माझ्या नंतर ध्यानात आला.

आणि मग मी किसनकडं बघू शकलो नाही, विमल. त्या फळीवर तुझी जागा होती. एवढ्या जवळ, तोंडासमोर तोंड, तू वल्हं मारणार आणि मी तुला पुढचं सांगणार. घरात, रस्त्यात, साइटवर, दवाखान्यात, तू विचारलेलं नसताना मी तुला सांगत आलो, इकडं चल, तिकडं नको, असं कर, तसं करू नको. आणि जिथं तुला सांगणारं माणूस पाहिजे होतं, तिथं मी बाभळीखाली बसलो. मला वाटायचं, तुला तुझी नदी मला दाखवायची आहे. मला नदी नको होती. 'बसा' काय म्हणत राहिलीस, बाई! 'मला पुढचं दिसत नाही, तुम्ही सांगा,' एवढं एकदा म्हणाली असतीस, तर मी आलो असतो. थरथरत आलो असतो, पण आलो असतो.

किसन थांबला. वल्ही पाण्यावर आडवी धरून म्हणाला, "मिस्त्री, बसलात. शब्द पुरा झाला. वळू का आता?" काठावरून अर्चना हात हलवून बोलवत होती.

मी पुढं बघितलं. नीट बघितलं, डोळे पुसून.

"नको," म्हणलं. "पुढं मोकळं हाय. मार वल्हं."